आवाजाचा धडा : आधी कान, मग पडदा

गेल्या दहा वर्षांत आपल्या जिल्हा परिषद शाळांचे रूप बरेच पालटले आहे. कुठे गावाने लोकवर्गणी काढून मोठा टीव्ही घेतला, कुठे ग्रामपंचायतीने प्रोजेक्टर दिला, कुठे शहरात नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी संगणक पाठवला. शाळेच्या दारावर 'डिजिटल शाळा' अशी पाटी लागली, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. हे सर्व चांगलेच झाले. पण शेतकरी माणूस पेरणीचा फोटो पाहून समाधान मानत नाही, उगवण किती झाली हे तो वाफ्यात जाऊन पाहतो. तसेच शाळेतल्या पडद्याचेही पाहिले पाहिजे. पडदा लागला, आता त्यातून मुलांच्या डोक्यात काय उगवले?

उदाहरणादाखल एकच धडा घेऊ. विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा धडा असतो. कंपन, वारंवारिता, प्रतिध्वनी, डेसिबल हे शब्द मुले पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाने शाळेच्या धड्यात का डोके घालावे, असे कुणी विचारील. त्याची कारणे दोन. आवाजाशी शेतकऱ्याचा रोजचा संबंध आहे. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, विजेचा कडकडाट, डीजेच्या भिंती, गाभण जनावराची सोनोग्राफी, हा सगळा त्याच धड्याचा विषय आहे. दुसरे कारण असे की चित्र आणि आवाज वापरून शिकवण्याची रीत खेड्यात शेतीच्या निमित्ताने फार आधीपासून आलेली आहे. त्या कामात जे धडे मिळाले, ते शाळेलाही लागू पडतात.

पुण्याचा जुना प्रयोग

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला होता. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे १५० गावे निवडली. गावकऱ्यांचे गट करून त्यांना शेती व ग्रामविकासाचे कार्यक्रम ऐकवले. नुसते ऐकवून सोडले नाही. कार्यक्रम संपला की गटाने बसून चर्चा करायची, आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचे आणि शंका केंद्राला कळवायच्या. नंतर तपासणी झाली. ज्या गावांत रेडिओ आणि चर्चा दोन्ही होते, तिथे लोकांच्या माहितीत भरघोस वाढ दिसली. ज्या गावांत रेडिओ होता पण चर्चेचे मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही.

या प्रयोगाला आता जवळपास सत्तर वर्षे झाली. रेडिओच्या जागी टीव्ही आला, टीव्हीच्या जागी मोबाईल आला. पण तत्त्व बदललेले नाही. यंत्र नुसते बोलत राहिले तर माणूस शिकत नाही. ऐकणे, बोलणे आणि हाताने करणे या तिन्ही गोष्टी झाल्या तरच शिकतो. आमच्या शेतीशाळेचा पायाही हाच. शेतकरी स्वतः पिकात उतरतो, किडी मोजतो, मित्रकीटक ओळखतो आणि मग फवारणीचा निर्णय घेतो.

ध्वनीच्या धड्याला हे लावायचे तर एक साधा नियम करता येईल. जे गावात ऐकता येते, ते पडद्यावर दाखवत बसू नये. जे गावात दाखवता येत नाही, तेवढ्यासाठी पडदा लावावा.

पडदा कुठे कामाचा

हवेशिवाय आवाज जात नाही, हे दाखवायला काचेची हंडी, घंटी आणि हवा काढून घेणारा पंप लागतो. तो प्रत्येक शाळेत कुठून असणार? तिथे दोन मिनिटांची चित्रफीत लाख मोलाची. घंटी हलताना दिसते, हवा कमी होत जाते आणि आवाज विरत जातो. मुलांच्या ते कायमचे लक्षात राहते. तसेच नादकाट्याचे कंपन. डोळ्याला तो स्थिर दिसतो, पण मंद गतीच्या चित्रणात त्याच्या भुजा हलताना स्पष्ट दिसतात.

मात्र पडदा चुकीचेही शिकवू शकतो. बहुतेक चित्रफितींत आवाज म्हणजे नागमोडी रेघ दाखवलेली असते. मुलांना वाटते की आवाज सापासारखा वर-खाली वळत जातो. तसे नाही. हवेचे कण आवाजाच्या दिशेनेच किंचित पुढे-मागे होतात, कुठे दाटी होते आणि कुठे विरळ होते, आणि ही दाटी-विरळ पुढे सरकत जाते. पुस्तकात त्यालाच संपीडन आणि विरलन म्हटले आहे. नागमोडी रेघ हा त्या दाबाचा आलेख आहे, आवाजाचा फोटो नव्हे. गुरुजींनी इथे चित्रफीत थांबवून दहा मुलांना रांगेत उभे करावे आणि मागच्याने पुढच्याच्या पाठीला हलका धक्का द्यावा. धक्का शेवटपर्यंत जातो, मुले मात्र आपापल्या जागेवरच राहतात. गव्हाच्या शेतातून वाऱ्याची लाट पळते तेव्हा ताटे बांधापर्यंत पळत जात नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. बाजारातल्या पुष्कळ चित्रफितींत मागे ढणढण संगीत आणि रंगांची उधळण असते. दृकश्राव्य साधनांवर अनेक वर्षे संशोधन केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचा निष्कर्ष असा की, धड्याशी संबंध नसलेली चित्रे, आवाज आणि संगीत काढून टाकले तर मुले जास्त शिकतात. पिकात तण माजले की खत तणालाच मिळते, तसलाच हा प्रकार.

खिशातली प्रयोगशाळा

साध्या स्मार्टफोनला मायक्रोफोन असतो, स्पीकर असतो आणि सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळ असते. जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने २०१६ साली 'फायफॉक्स' नावाचे एक ॲप फुकट उपलब्ध करून दिले. एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची संगणकावरची प्रयोगचित्रेही फुकट आहेत आणि त्यांतली अनेक मराठीत आहेत. पेन ड्राइव्हवर आणून ठेवली तरी चालतात.

आता आवाजाचा वेग शाळेच्या पटांगणात कसा मोजायचा ते पाहा. दोन फोन १० मीटर अंतरावर ठेवायचे. दोन्हींत आवाजाने चालू आणि आवाजानेच बंद होणारे घड्याळ लावायचे. पहिल्या फोनजवळच्या मुलाने दोन लाकडी ठोकळे आपटायचे, दोन्ही घड्याळे सुरू होतात. पण दुसरे जरा उशिरा सुरू होते, कारण आवाजाला तिथवर पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्या फोनजवळच्या मुलाने ठोकळे आपटायचे. आता दुसरे घड्याळ आधी थांबते, पहिले नंतर. दोन घड्याळांच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जाऊन परत १० मीटर यायला लागलेला वेळ. तो साधारण ०.०५८ सेकंद येतो. २० मीटरला ०.०५८ ने भागा, सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास वेग मिळतो. पुस्तकातला आकडा पोरांनी स्वतः काढला! तो ती जन्मात विसरणार नाहीत.

हाच प्रयोग थंडीच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी करावा. तापमान एक अंशाने वाढले की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. १५ अंशाला तो ३४० च्या जवळ असतो, तर ४० अंशाला ३५५ च्या जवळ जातो. फरक थोडा आहे, म्हणून दहा-दहा वेळा मोजून सरासरी काढावी लागते. एका वाफ्यावरून उत्पादन ठरवू नये, हे आपण पीक कापणी प्रयोगात करतो तेच हे.

त्याच फोनवर आवाजाची वारंवारिताही दिसते. बाटलीत पाणी भरत गेले की फुंकीचा सूर चढत जातो, तो पडद्यावर आकड्यात पाहता येतो. मधमाशीचे पंख सेकंदाला साधारण सव्वादोनशे वेळा हलतात, डासाचे त्याहून कितीतरी जास्त, म्हणून त्याची गुणगुण बारीक. गावातली डीपी सतत हुं करते. कुंपणाच्या बाहेर लांब उभे राहून, गुरुजींच्या देखरेखीखाली, फोनवर तिचा आवाज घेतला तर आलेखात १०० हर्ट्झला टोक दिसते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि एका फेरीत डीपीचा गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून शंभर. भजनी मंडळातला तबला शाळेत आणून डफाच्या आवाजाशी ताडून पाहावा. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर सुरात बसतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले. ज्या रामन परिणामासाठी त्यांना नोबेल मिळाले, त्याच्याही आधीचे हे काम आहे. आपल्या गुरवाच्या, मातंगाच्या, भजनकऱ्याच्या वाद्यात एवढे शास्त्र आहे, हे त्यांच्याच मुलांना कळायला नको काय?

प्रतिध्वनीचेही तसेच. समोरची भिंत सुमारे १७ मीटरपेक्षा जवळ असेल तर परत आलेला आवाज कानाला वेगळा ऐकू येत नाही, कारण दोन आवाजांत सेकंदाचा दहावा भाग तरी अंतर लागते. गोदामाच्या लांब भिंतीसमोर पावले मोजत मागे जात हे करता येते. विहिरीच्या काठावर मुलांना नेऊन करू नये, एवढे ध्यानात ठेवावे. मग पडदा लावून सांगावे की वटवाघूळ अंधारात असेच चालते आणि पशुवैद्य गाय गाभण आहे की नाही हे पाहतात तेही कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरूनच.

कान ही एकदाच मिळणारी वस्तू

इथवर झाले ते शिक्षणाचे. आता मुद्द्याचे बोलू. फोनमधून बारीक होत जाणारा सूर वर्गात वाजवला तर एक गंमत होते. सूर चढत जातो आणि वयस्क गुरुजींना तो ऐकू येईनासा होतो. मुले मात्र "अजून वाजतोय" म्हणून ओरडत असतात. वयाप्रमाणे वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येणे कमी होते. हे निसर्गाचे. पण मोठ्या आवाजाने तेच नुकसान तरुणपणी होते. कानाच्या आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. या पिकाला दुबार पेरणी नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा आडाखा असा आहे की, ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. बिनकॅबिनच्या ट्रॅक्टरवर किंवा मळणी यंत्राच्या तोंडाशी आवाज सहज ९० च्या घरात जातो. हंगामात आपला माणूस तिथे दिवसदिवस उभा असतो. चाळिशीत "जरा मोठ्यानं बोल" म्हणू लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. वय झालेले नसते. कानात घालायचे साधे बोळे किंवा कानावरचे झाकण वापरले असते तर ते टळले असते.

आणि डीजे. वरातीत, मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावतात आणि त्यांच्यासमोर सर्वांत पुढे कोण नाचते? आपलीच शाळकरी पोरे. आवाज नियमनाचे केंद्र सरकारचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले ठरावीक सणाचे दिवस सरकार बारापर्यंत सूट देते, तेवढाच अपवाद. शाळा व दवाखान्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा धरला जातो. नियम कागदावर आहेत, पण डेसिबल म्हणजे काय हेच गावाला ठाऊक नसेल तर ग्रामसभेत बोलणार कोण? नुसते "आवाज कमी करा" म्हटले की भांडण होते, धर्माचा, जातीचा, भावकीचा विषय निघतो. आकडा मात्र कुणाच्या बाजूचा नसतो.

म्हणून मुलांना मोजायला शिकवावे. मोकळ्या पटांगणात एक स्पीकर लावून ५, १० आणि २० मीटरवर मोजायचे. अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल वाढ म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट, हे तक्त्यावर लिहायचे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फोनचा आकडा कायद्याच्या कामाचा नाही. प्रत्येक फोनचा मायक्रोफोन वेगळा असतो आणि फार मोठ्या आवाजात तो कमीच दाखवतो. तुलना करण्यापुरता तो ठीक, तक्रारीसाठी पोलिसांकडचे प्रमाणित यंत्रच लागते. मुलांना साधनाची मर्यादा शिकवणे हेही विज्ञानच आहे.

विजेचा हिशेब

आवाजाचा आणखी एक हिशेब जिवाशी संबंधित आहे. वीज चमकलेली लगेच दिसते, गडगडाट मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाकून पक्क्या घरात जायचे, झाडाखाली थांबायचे नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचे नाही.

शाळेत हे शिकवायला विजेची वाट पाहायला नको. एका मुलाने पावणेदोनशे मीटरवर उभे राहून हात उंच करून घमेले वाजवायचे, दुसऱ्याने त्याचे फोनवर चित्रण करायचे. नंतर टीव्हीवर सावकाश चालवून पाहिले की काठी आधी आपटते आणि आवाज अर्ध्या सेकंदाने येतो. एवढे पाहिलेले पोर वळवाच्या पावसात बापाला बांधावरून ओढून घरी आणील. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप परिसरातल्या विजेची सूचना देते, तेही त्याच तासाला गुरुजींनी दाखवावे.

गावाने काय करावे

आता कुणी म्हणेल, वीज नसते, नेट नसते, गुरुजींना शंभर कामे. हे खरे आहे. पण वरच्या प्रयोगांपैकी बहुतेकांना नेट लागत नाही आणि दोन फोन गुरुजी-पालकांपैकी कुणाकडेही मिळतात. मुलांच्या हाती मोबाईल द्यायचा का, ही आई-बापांची काळजीही रास्त आहे. फोन मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, मोजण्यापुरता आणि तासापुरता हाती यावा. मोबाईल हे पाहत बसायचे खेळणे नसून टेप आणि तराजूसारखे अवजार आहे, हे तिथेच मुलाला कळते.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीने पुढील पाच गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली, शाळेतला टीव्ही वा प्रोजेक्टर चालू आहे की कपाटात कुलूपबंद आहे, हे येत्या बैठकीत पाहावे आणि दुरुस्तीचा खर्च ठरवून द्यावा. नवा घेण्याआधी जुना चालू करावा. दुसरी, एक बरा स्पीकर, ५० मीटरची टेप आणि उपयोगी चित्रफितींचा पेन ड्राइव्ह शाळेला द्यावा. तिसरी, गुरुजींना सामान हलवायला, फोन धरायला गावातला एखादा शिकलेला तरुण मदतीला द्यावा. चौथी, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी मुलांनी चावडीसमोर हे प्रयोग करून दाखवावेत आणि मळणी यंत्र, ट्रॅक्टर, मंदिराचा भोंगा, डीजे यांच्या आवाजाचा तक्ता मांडावा. पाचवी, तो तक्ता ग्रामसभेत वाचला जावा आणि वरात-मिरवणुकीच्या आवाजाबाबत गावाने सर्वांना सारखा लागू होईल असा ठराव करावा.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आज आडात पाणी आहे. साधने गावात आली आहेत, ज्ञान फुकट मिळते आहे. आता पोहरा सोडायचा आणि ओढायचा एवढेच राहिले आहे. ते काम गुरुजींच्या एकट्याच्या हातांचे नाही, सगळ्या गावाने दोराला हात लावला पाहिजे.